थियाच्या झाडाचा पाक

बुडुक.

घर इतकं शांत होतं की पातेल्यातला पहिला बुडबुडाही ऐकू आला. वर थिया झोपली होती. दिवसभर आटवत आणलेल्या मेपलच्या रसाला शेवटची उकळी फुटली आणि मी वही उघडली.

यंदा थियाला रस काढायला पहिल्यांदाच स्वतःचं मेपलचं झाड मिळालं होतं, कुंपणाजवळचं. आठवडाभर चिखल तुडवत, अर्धाअधिक सांडत, तिनं त्याचा रस बादलीतून घरात आणला होता. चाळीस मापं आटवावीत तेव्हा एक माप पाक मिळतो. म्हणजे तिच्या सगळ्या मेहनतीची मिळून जेमतेम एक बाटली. रविवारी तिला पाच वर्षं पूर्ण होणार होती, आणि वाढदिवसाच्या पॅनकेकवर तिला तोच पाक हवा होता. झाडांच्या कळ्या तर फुगायला लागल्या होत्या. आता रस निघाला तरी कडू. पुढची संधी पुढच्या मार्चमध्ये.

सकाळीच शेजारचा म्हातारा ऑरिन दारात येऊन बजावून गेला होता.

"शेवटची दहा मिनिटं नजर हलवायची नाही, कवयित्रीबाई. फेस वर आला की तो बसवायला लोण्याचा तुकडा टाकायचा. नवरा पळून गेला तरी पातेलं सोडायचं नाही."

"मी याच गावात वाढलेय, ऑरिन."

"म्हणून तर सांगतोय. तुझ्या आईनं तीन पातेली जाळली. आणि ती तर कविताही करत नव्हती."

माझ्या एकुलत्या एका कवितासंग्रहाच्या मलपृष्ठावर छापलंय, 'बर्फ पडायच्या आधीच हिला त्याचा वास येतो.' ते वाक्य मीच लिहून दिलं होतं. प्रकाशकांना घाई होती आणि मला लाज नव्हती.

आज विषय होता मेपलचा धीर. दोन ओळी झरझर उतरल्या. तिसरीत 'सोनेरी' बसेना. तो खोडून 'पिवळट' घातला, तर झाडाला कावीळ झाल्यासारखं वाटलं. पुन्हा 'सोनेरी'. मग झाडाच्या आतून विचार करावा म्हणून डोळे मिटले. मला वाटतं, मी किंचित डोललेही.

"आई! धूर!"

थिया जिन्यावर अनवाणी उभी होती. पातेल्यात जळका काळा थर तडतडत होता. मी ते उचलून मागच्या दारातून चिखलात ठेवलं. ते चर्रर्र करत रुतलं. लोण्याचा तुकडा बशीत तसाच होता, नीट कापलेला.

थिया बूट न घालताच बाहेर आली. रडली असती तर बरं झालं असतं, निदान मला जवळ घ्यायला निमित्त मिळालं असतं. ती पातेल्यावर वाकली.

"हे सगळं माझं होतं?"

"हो गं बाळा."

"तू काय करत होतीस?"

"तुझ्या झाडावर कविता."

तिनं नाक मुरडलं, माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे, टेबलावरच्या वहीकडे.

"मला वरती पांघरुणात वास आला," ती म्हणाली. "तुला इथं बसून कसा नाही आला?"