सीमेपलीकडे न वाजलेली स्वरलिपी

मित्रांनो, मी एक जुनी स्वरलिपी. पाच-पाच रेघांवर बसवलेले काळे ठिपके, म्हणजेच मी. कोणत्या वाद्याने कोणता सूर कधी लावायचा, ते हे ठिपके सांगतात. मला लिहिणारे संगीतकार जाऊन साठ वर्षे झाली. त्यांच्या हयातीत मी वाजले की सभागृहे भरायची, टाळ्या थांबायच्या नाहीत. पुढे ग्रंथालयातल्या लोखंडी कपाटात माझी रवानगी झाली. तिथे वाळवीसुद्धा माझ्याकडे फिरकली नाही.

यंदा वाद्यवृंदाच्या प्रमुख बाईंनी मला बाहेर काढले. मोठ्या व्हायोलिनसारखे दिसणारे चेलो वाजवणारे आजोबा निवृत्त होणार होते. त्यांचा निरोपाचा कार्यक्रम सीमेपलीकडच्या शहरात ठरला, कारण त्यांची धाकटी बहीण तिथे दिलेली. लहानपणी आजोबा माझा सराव करत, तेव्हा ती शेजारच्या खोलीत ऐकत पडायची. आता तिला प्रवास झेपत नाही. तालमी रंगल्या. कितीतरी वर्षांनी माझ्यावर पेन्सिलीच्या खुणा उमटल्या.

मग एके दुपारी ग्रंथपाल तोंड पाडून आले.

"बाई, माझं चुकलंच. संगीतकार गेल्यावर पन्नास वर्षांनी आपल्याकडे रचनेवरचा वारसांचा हक्क संपतो. पलीकडे सत्तर वर्षं धरतात. तिथे वारसांची परवानगी लागेल."

"मग मागा की."

"कुणाकडे? वारस कोण, कुठे, काही पत्ता लागत नाही."

बाई म्हणाल्या, "असं करू, कागद इथेच ठेवू. आजोबांना सगळं पाठ आहे."

"हक्क कागदावर नसतो हो, सुरांवर असतो. सभागृहात पाठ वाजवलं तरी तेच."

आजोबा चेलोचा गज पुसत होते. "म्हणजे मी आणखी दहा वर्षं जगायला हवं," ते म्हणाले. कुणी हसले नाही.

ग्रंथपालांना राहवेना. "घरी वाजवा ना. बहिणीच्या खाटेपाशी थोडीच तिकिटं लावणार आहात?"

"ती उलट माझ्या चुका काढेल," आजोबा म्हणाले, आणि तेवढे मात्र हसले.

गाडी गेली. सभागृहासाठी त्यांनी दुसरीच रचना नेली. मी रिकाम्या खोलीत स्टँडवर उघडी राहिले. त्या खाटेपाशी माझे सूर उमटले असतील, पण मी तिथे नव्हते.

मित्रांनो, परवानगी विचारणे योग्यच आहे. लिहिणाऱ्याच्या कष्टांचा तो मान आहे. पण विचारायला कुणी सापडलेच नाही, की रचना पोरकी होते. म्हणून तुम्ही गाणे रचलेत, चित्र काढलेत, तर त्यावर आपले नाव घाला. पुढे कुणाला विचारायचे, तेही लिहून ठेवा. आणि माझ्यासारखी पाने हाती आली, तर हात कोरडे ठेवा, कोपरे दुमडू नका.

दहा वर्षांनी पलीकडचे दार माझ्यासाठी उघडेल. माझा कागद मात्र आताच पान उलटताना तुटतो.