पंचवीस मिनिटं पुढं

वर बघा की जरा. हां, मीच बोलतोय, भिंतीवरचं घड्याळ. खिशात मोबाईल असताना मान वर करून कोण बघतंय म्हणा! माझी काच पिवळी पडलीय, सेकंदकाटा सहावरून वर चढताना अडखळतो. वय झालं, थकलोय. पण एक गोष्ट मनात अडकून बसलीय, ती सांगतो आणि मोकळा होतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचा कुठं आठवतो? मला आठवतंय ते बसप्पांचं दुकान. सोलापुरात, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर. आधी नुसता टेलिफोनचा बूथ होता, मग इंटरनेटचं वारं सुटलं तसे बसप्पांनी तीन कॉम्प्युटर आणले. त्यातल्या एकालाच इंटरनेट. फोन लागताना तो डबा असा काही किंचाळायचा की शेजारचा शिंपी मशीन थांबवून म्हणायचा, "बसप्पा, लागलं का एकदाचं?"

बसप्पा मंद्रूपचे. रोज एसटीनं येणार, एसटीनं जाणार. संध्याकाळी पावणेआठची गाडी चुकली की झालंच कल्याण. पहिल्या महिन्यात तीनदा चुकली, तेव्हा माणूस वैतागला. स्टुलावर चढले आणि माझे काटे पंचवीस मिनिटं पुढं केले. "आता चुकतीय का बघू." माझ्यात आठ वाजले की शटर खाली, आणि गाडीत खिडकीची जागा. स्वतःच पुढं केलेल्या घड्याळावर स्वतःच भरवसा ठेवायचा, ही माणसांची रीत मला अजून उमगलेली नाही.

रोजच्या गिऱ्हाइकांना हे ठाऊक होतं. कुणाचं नुकसान नव्हतं. वहीत बसप्पा नाव लिहायचे, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ. दोन्ही माझ्याकडं बघून. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातही वेळ दिसायची, पण लाइट गेली की तो बेटा थेट १९८० सालात जाऊन बसायचा. म्हणून माझाच शब्द प्रमाण.

आणि एका सोमवारी दुपारी सिद्धनाथ सर दुकानात आले. शहरातल्या एका खासगी कॉलेजात ते कॉम्प्युटर शिकवायचे. अंगात नुसतं वारं भरलेलं. "बसप्पा, तुमच्या दुकानातून हॅकर पकडायचाय!" बसप्पांनी तो शब्द पहिल्यांदाच ऐकला असणार. "कोण कर?" म्हणाले.

झालं होतं असं. प्राचार्य पुण्याला गेलेले असताना कुणीतरी त्यांच्या मेलमध्ये घुसलं आणि त्यांच्या नावानं ऑफिसला लिहिलं, उद्याचा पेपर पुढं ढकलला, नोटीस लावा. क्लार्कनं इमानेइतबारे नोटीस लावली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात पर्यवेक्षक आणि पेपरांचे गठ्ठे हजर, पोरं एकही नाही. घुसायला तरी काय लागलं होतं? प्राचार्यांचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या स्कूटरचा नंबर. ती स्कूटर सगळ्या कॉलेजच्या डोळ्यांसमोर उभी असायची.

सरांनी मेलच्या पोटातले आकडे काढले, टेलिफोनच्या ऑफिसात आठ दिवस खेटे घातले, आणि कळलं की मेल आपल्याच फोनवरून गेली. मंगळवारी, चार वाजून बारा मिनिटांनी. "वही दाखवा," म्हणाले. वहीत त्या वेळेला नाव होतं धम्मप्रियाचं. चार वाजून पाच ते चार पस्तीस.

मला ती पोरगी आठवत होती. त्यांच्याच कॉलेजची, पण दुकानात पहिल्यांदाच आलेली. शिष्यवृत्तीचं पत्र मेलवर आलंय का बघायला. आलं होतं. दोनदा वाचलं, मग माझ्याकडं बघून दचकली, "अगबाई, साडेचार वाजून गेले!" म्हणत पळाली. खरं तर तेव्हा चार वाजून दहाच मिनिटं झाली होती. ती पोरगी निघून गेल्यावर दोन मिनिटांनी ती मेल गेली, हे मी या डोळ्यांनी बघितलंय. पण घड्याळाला विचारतं कोण?

"स्कॉलरशिपवर शिकते आणि हे धंदे," सर म्हणाले. "बुधवारी अकराला चौकशी आहे. काढून टाकतील. मी उद्या येऊन तुमचं घड्याळ तेवढं तपासून जातो, म्हणजे बोट ठेवायला जागा नको."

सर गेले. बसप्पांनी वहीत धम्मप्रियाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते बोट तिथंच राहिलं. चार छत्तीस. शिवयोगी. त्यांच्या अक्काचा, थोरल्या बहिणीचा मुलगा. आई लहानपणीच गेली तेव्हा याच दाक्षायणीअक्कानं बसप्पांना भरवलं, वाढवलं. शिवयोगी अक्कलकोटहून त्याच कॉलेजात यायचा, अभ्यासात यथातथाच.

संध्याकाळी तो आला. बसप्पांनी नुसतं विचारलं, "काय केलास बे?"

पोराचा चेहराच पडला. "मामा, पेपरचं काहीच झालं नव्हतं. गंमत म्हणून केलो. अव्वाला सांगू नको, मरंल ती." अव्वा म्हणजे त्याची आई, दाक्षायणीअक्का.

"अय्यो शिवा," बसप्पा म्हणाले आणि कपाळ धरून बसले.

पोरगा गेल्यावर ते स्टुलावर चढले. माझे काटे पंचवीस मिनिटं मागं आणले. दोन वर्षांत पहिल्यांदा मी बरोबर वेळ दाखवू लागलो, आणि मला काही ते बरं वाटलं नाही.

मंगळवारी अकराला सर आले. मनगट वर धरलं, माझ्याकडं बघितलं. "करेक्ट! मिनिटाचाही फरक नाही." वहीच्या पानावर बसप्पांची सही घेतली आणि शीळ घालत गेले.

दुपारी एक बाई आल्या. मीनाबाई, धम्मप्रियाची आई. दवाखान्यात आया होत्या, त्याच कपड्यांत आलेल्या. भांडायला आल्या असतील म्हणून बसप्पा उठून उभे राहिले. पण बाई भांडल्या नाहीत.

"भाऊ, रागावू नका. माझी पोरगी हितनं निघाली तवा तुमच्या घड्याळात साडेचार वाजून गेले हुते म्हणती. माझ्याकडं दवाखान्यात आली तवा तिथल्या घड्याळात चार वीसच. आमी हासलो बी, लवकर कशी आलीस म्हणून. मला वाटलं, तुमचं घड्याळ पुढं हाय की काय. म्हणून बघायला आले."

बसप्पा खाली बघत म्हणाले, "बघा की."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडं. ते बहिणीचं मागून आणलेलं होतं, पट्टा सैल होता. पुन्हा माझ्याकडं. किती वेळ बघत होत्या! मी काय करणार? टिकटिक करत राहिलो. ओरडता आलं असतं तर काच फुटेस्तोवर ओरडलो असतो.

"बरुबर हाय की वो हे," त्या हळूच म्हणाल्या. "मग माझंच चुकलं असंल. दवाखान्यातलं घड्याळ मागं असंल. येते भाऊ, तुमाला उगी तरास."

आणि पायऱ्या उतरून गेल्या. बसप्पांनी त्या दिवशी चहा मागवला नाही, जेवणाचा डबाही तसाच राहिला. संध्याकाळी माझ्यात आठ वाजले तेव्हा सवयीनं शटर ओढून गेले आणि पाऊण तासानं परत आले. गाडी कधीच गेली होती. माझे काटे आपणच मागं केलेत हे ते विसरले होते. अर्ध्या शटरखालून आत येऊन माझ्यासमोर बसले आणि रडले. चांगला बाप्या माणूस, हमसून हमसून रडला. "त्या पोरीच्या आईनं माझी माफी मागितली रे," एवढंच दोनदा म्हणाले.

बुधवारी सकाळी त्यांनी मला खुंटीवरून काढलं, बाजाराच्या पिशवीत वहीशेजारी घातलं आणि कॉलेजात नेलं. प्राचार्यांच्या टेबलाभोवती पाचसहा माणसं. दाराशी धम्मप्रिया, डोळे सुजलेले, आणि मीनाबाई.

बसप्पांनी मला टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांदेखत काटे पुढं केले. "साहेब, हे असं असतंय माझ्या दुकानात. एसटीसाठी. सोमवारी मी मागं केलो. चार बाराला ही पोरगी नव्हती. खालचं नाव वाचा."

सिद्धनाथ सरांनी वही ओढून घेतली, बोटांवर मिनिटं मोजली आणि पांढरेफटक पडले. "शिवयोगी कोण?"

"माझा भाचा," बसप्पा म्हणाले. "मीच लाडावलाय म्हणा, मीच बिघडवलाय म्हणा."

धम्मप्रिया आईच्या खांद्यात तोंड खुपसून उभी राहिली. मीनाबाईंनी बसप्पांकडं बघितलं. राग होता त्यात, असायलाच हवा. पण जाताना म्हणाल्या, "आलात, लई झालं."

शिवयोगीचं वर्ष गेलं. पुढं सुधारला तो, बंगळूरला कॉम्प्युटरचीच नोकरी करतो, सणासुदीला मामाला फोन करतो. पण दाक्षायणीअक्का? "परक्या पोरीसाठी माझं लेकरू धरून दिलास," म्हणाली आणि भावाशी बोलणंच टाकलं. बसप्पा दर वर्षी अक्कलकोटला जायचे, तिच्या ओट्यावर बसायचे आणि पाणी पिऊन परत यायचे. पाणी तेवढं द्यायची. तीन वर्षांपूर्वी गेली. न बोलताच गेली.

दुकान केव्हाच बंद झालं. आता मी मंद्रूपला, बसप्पांच्या बाजेच्या वर. त्यांना कुठली गाडी गाठायची नाही, मलाही नाही. दोघंही आपापल्या जागी कुरकुरत पडून असतो. परवा सून श्रीदेवी सेल बदलायला आली. "मामंजी, हे पंचवीस मिनिटं पुढं आहे, मोबाईलला लावून देऊ का?"

बाजेवरून म्हातारा ओरडला, "हात लावू नको त्याला!" बिचारी घाबरली. तिला काय ठाऊक?

म्हणून तुम्हालाच सांगून ठेवतो. उद्या बसप्पा नसतील, कुणीतरी हौसेनं स्टुलावर चढेल आणि मला नीट करायला जाईल. नका करू. बसप्पांनी काटे पुढं केल्यापासून दीडच दिवस मी बरोबर चाललो, आणि त्याच दीड दिवसात एक खरं बोलणारी आई माझ्याकडं बघून म्हणाली, माझंच चुकलं असंल. मला आहे तसंच राहू द्या, पंचवीस मिनिटं पुढं.