एकाच सकाळचे फोटो

बन्सीधरने हैदराबादहून कॅमेरा आणला तेव्हा पहिले काही दिवस परभणीच्या त्या गल्लीत कुणाची धडगत नव्हती. पंचायत समितीत आवक-जावक बघणारा हा चाळिशीला टेकलेला कारकून आजवर कुणाच्या अध्यात ना मध्यात; पण गळ्यात कॅमेरा पडला आणि गडीच बदलला. बायको गीताबाई भाकरी थापताना, शेजारची म्हैस रवंथ करताना, न्हाव्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक अर्धं भादरलेलं असताना, सापडेल त्यावर हा कॅमेरा रोखून उभा. रोल धुऊन आला तर त्यात म्हैस तेवढी बरी आली होती. कारण ती हलली नव्हती.

पण कॅमेऱ्याला खरं काम लागलं ते दत्तरावांच्या माशांच्या पेटीमुळे. दत्तराव समोरच्या घरात भाड्याने राहायचे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी, घरात ते आणि बायको बायनाबाई, मूलबाळ नाही. लोखंडी अँगलमध्ये काचा बसवून पेटी त्यांनी स्वतःच्या हाताने केली होती. तळाला दुधना नदीची वाळू, मागे लांब पातीचं गवत आणि मधोमध रुंद पानांचं एक झाड. बोअरच्या पाण्याने काचेवर पांढरे डाग धरतात म्हणून पेटीत फक्त पावसाचं पाणी, पागोळ्यांखाली पिंप लावून धरलेलं. येणारे-जाणारे मासे बघायचे. दत्तराव झाड बघायचे. नवं पान सुटलं की गल्ली ओलांडून बन्सीधरला हाताला धरून न्यायचे आणि म्हणायचे, "बघ, कालपर्यंत नव्हतं." बन्सीधरला पानात काही दिसायचं नाही, पण दत्तरावांचा चेहरा बघायला बरं वाटायचं.

दसऱ्याच्या तोंडावर दत्तरावांना लकवा मारला. डावं अंग गेलं. दवाखान्यातून सोडल्यावर बायनाबाई त्यांना पोखर्णीला थोरल्या दिराच्या घरी घेऊन निघाली आणि घराची किल्ली बन्सीधरच्या हातात आली. जीपमध्ये आडवे घातलेले दत्तराव वाकड्या तोंडाने जमेल तसं बोलले, "पेटी संबाळ. फोटू काढून आन. मला दिसू दे."

बन्सीधरने मान डोलावली. एवढं सोपं काम त्याला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं, असं त्याला वाटलं.

पहिल्या रोलमध्ये मासा एकही आला नाही. आला तो काचेत चमकलेला फ्लॅशचा पांढरा गोळा आणि त्यामागे खुद्द बन्सीधर, एक डोळा मिटलेला, तोंड उघडं. स्टेशनरोडवरचे स्टुडिओवाले किशनराव पोट धरून हसले. मग त्यांनीच शिकवलं. खोलीतले दिवे मालव, पेटीच्या वर तेवढा बल्ब ठेव. काच आतून-बाहेरून पूस. फ्लॅश समोरून मारू नको, कडेने तिरपा मार. स्वतः अंगावर काळं कापड घे, म्हणजे काचेत तुझं ध्यान उमटायचं नाही. बन्सीधरने गीताबाईची काळी चंद्रकळा अंगावर घेतली. गीताबाई दारातून म्हणाली, "दत्तराव भावजींनी असं बघितलं तर त्यांचं दुसरं अंग बी जाईल," आणि मग स्वतःच्याच बोलण्याने चपापून आत गेली.

दुसऱ्या रोलमध्ये सगळं जागेवर होतं, फक्त पाणी गढूळ. झाड ताकात बुडवल्यासारखं दिसत होतं. त्यालाही कारण बन्सीधरच. उपाशी राहतील म्हणून तो माशांना मूठमूठ खाणं टाकत होता. ते सडून पाण्यावर पांढुरकं आलं होतं. तिकडे पोखर्णीहून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर निरोप येत होता, फोटो काय झाला, फोटो काय झाला.

आणि मग त्याने ते केलं. गढूळ पाण्याला काय करायचं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पावसाळ्यात नदीचं लाल पाणी घरात आलं की त्याची आई रांजणात तुरटी फिरवायची. त्याच्या घरात, गल्लीत, अख्ख्या जिल्ह्यात हेच करतात. त्याने तुरटीचा चांगला मुठीएवढा खडा दोऱ्याला बांधला आणि पेटीत फिरवला. फरक दिसेना म्हणून पुन्हा फिरवला. माणसं पितात ते पाणी, माशांना काय होणार? असा विचारसुद्धा त्याने केला नाही, इतकी ती गोष्ट रोजची होती.

सकाळी दार उघडलं आणि तो बघतच राहिला. पाणी आहे की नाही कळू नये इतकं नितळ. झाडाच्या पानापानातली शीर मोजता यावी. आणि एरवी जागेवर न ठरणारे मासे वर येऊन, पाण्याला तोंडं लावून, अगदी शांत थांबलेले. बन्सीधरला वाटलं, आज देव पावला. त्याने चंद्रकळा ओढली आणि रंगीत रोल आख्खा संपवला. कडेने, तिरपा, जवळून, लांबून. एकदा तर माशांना "शाब्बास" म्हणाला. कचेरीला उशीर झाला तरी त्याचं भान नव्हतं.

संध्याकाळी तो आला तेव्हा सगळे मासे उलटे झाले होते.

त्याने ते हाताने वेचून परसात पुरले. नुसत्या पावसाच्या पाण्यात एवढी तुरटी पडली की त्याचं आंबट विष होतं, हे त्याला फार उशिरा कळलं. वासाने घर भरू नये म्हणून खिडकी उघडी टाकली, दाराला कुलूप लावलं, आणि त्यानंतर त्या घराकडे मान वर करून बघायचीही त्याला चोरी झाली. पाणी पिताना त्याला ती वर आलेली तोंडं दिसत. ते जीव वाचवायला धडपडत होते आणि आपण शाब्बास म्हणालो, हे त्याने गीताबाईलासुद्धा सांगितलं नाही. मासे मेले एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "मग जाऊन सांगून टाका. ते काय तुमाला फाशी देतेत?"

खरं सांगायचं तर सांगायलाच तो निघाला होता. रंगीत रोल परभणीत धुतला जात नसे; तो औरंगाबादहून धुऊन आला, फोटो असे उतरले होते की किशनरावांनी त्यातला एक दुकानात लावायला मागितला. बन्सीधरने त्यातला एक फोटो खिशात घातला, रविवारी पोखर्णीची एसटी धरली, आणि अख्ख्या रस्त्यात वाक्य घोकलं. आधी फोटो द्यायचा, मग सांगायचं. इथेच त्याचं चुकलं. फोटो हातात पडला आणि दत्तराव हसले. अर्ध्याच तोंडाने हसले, पण असे हसले की दारात उभ्या बायनाबाईने पदर डोळ्याला लावला. "आल्यापासून पहिल्यांदा हसायलेत," ती म्हणाली. "भावजी, तुमचे उपकार लय झाले."

बन्सीधरने चहा घेतला आणि परतला.

पुढच्या रविवारी दत्तरावांनी विचारलं, "ह्या आठवड्याचा आनला?" आणि बन्सीधरचा हात आपोआप खिशात गेला. खिशात त्याच रोलचा दुसरा फोटो होता. खरं म्हणजे तो त्याने घरून निघतानाच उचलून ठेवला होता, म्हणजे खोटं बोलायची तयारी तो घरूनच करून आला होता. हे त्याला परतीच्या गाडीत कळलं आणि स्वतःची किळस आली. तरी त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा गेला. मग चौथा. एकाच सकाळचे फोटो, पण हा कडेने काढलेला, हा जवळून, हा जरा अंधारा. वेगवेगळ्या दिवसांचे म्हणून सहज खपत होते. आपण दुखणाईत माणसाला आनंद देतोय, अशी त्याने मनाची समजूत घातली. मन काही समजत नव्हतं. एका रविवारी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, गाड्या निघाल्या नाहीत, तर शहरावर ताण असताना हा गृहस्थ अंथरुणात सुटकेचा निःश्वास टाकून पडला होता.

दत्तराव फोटो उशाशी ठेवायचे आणि दिवसभर बघायचे. माशांबद्दल ते कधीच बोलले नाहीत. एकदा म्हणाले, "झाड वाढंना रे." बन्सीधर म्हणाला, "थंडी हाय ना." पुढच्या वेळी म्हणाले, "उजेड कमी पडायलाय. खिडकी उघडी ठिव." बन्सीधर हो म्हणाला. त्याच्या पुढच्या वेळी त्यांनी सगळे फोटो पांघरुणावर ओळीने मांडायला लावले, आणि एकेका फोटोतल्या पानांवर बोट ठेवत बराच वेळ पाहिले.

संक्रांतीनंतरच्या रविवारी बायनाबाईने त्याला अंगणातच गाठलं. "भावजी, तुमी तरी सांगा त्यांला. डॉक्टर म्हनले व्हते, रोज हात हलवायचा परयत्न केला तर हात येईल. आधी करायचे हो, दात-ओठ खाऊन करायचे. दोन बोटं हलायला बी लागली व्हती. आता हात लावू देईनात. भिंतीकडं तोंड करून पडायलेत." बन्सीधरला वाटलं, थंडीने असेल, कंटाळ्याने असेल. तो आत गेला आणि पाकिटातला फोटो पुढे केला. दत्तरावांनी तो घेतलाच नाही.

"तितकीच पानं असतील," ते म्हणाले.

बन्सीधरने फोटो मागे घेतला.

"त्याचं बी माझ्यासारखंच झालं. मरंना बी अन् वाढंना बी."

इतक्या रविवारी घोकलेलं एकही वाक्य त्याला आठवलं नाही. तो खाटेजवळ खाली बसला आणि बोलत सुटला. "दत्तराव, झाडाला काय झालं न्हाई. हे सगळे फोटू एकाच दिवसाचे हायत. मासे त्याच दिवशी मेले. पानी गढूळ व्हतं म्हनून मी तुरटी फिरवली. मी मारले. मग तुमी हसलात म्हनून सांगता आलं न्हाई, मग दर रविवारी आलं न्हाई." बोलता बोलता तो रडायला लागला. दाराशी बायनाबाई उभी होती, तिने काय ऐकलं आणि काय नाही देव जाणे.

दत्तरावांनी डोळे मिटले. बन्सीधरला वाटलं, आता शिव्या येतील. याव्यात असं त्याला फार वाटत होतं.

"अन् झाड?" दत्तरावांनी विचारलं.

"झाड हाय तिथंच. आसंल."

"आसंल?"

"मी त्या दिवसापासून दारच उघडलं न्हाई."

"मग झाडाला काय झालं न्हाई, हे कशावरून म्हनतोस? कितीदा खोटं बोलशील, बन्सीधर?" आवाज चढलेला नव्हता. त्यांनी तोंड पुन्हा भिंतीकडे केलं आणि बन्सीधर बसून राहिला तोवर ते वळले नाहीत.

त्याच दुपारी परभणीत उतरून तो घरीसुद्धा न जाता समोरचं कुलूप काढून आत शिरला. खिडकीतून ऊन थेट पेटीवर पडत होतं. पाणी निम्म्यावर आलं होतं, काचेवर हिरवं चढलं होतं, गवत कुजून गेलं होतं. आणि त्या सगळ्यातून झाड वर आलं होतं. फोटोतलं झाड त्याच्यासमोर पोर वाटलं असतं. पानावर पान, काही पाण्याच्या वर निघालेली, एक तर काचेच्या कडेवरून बाहेर झुकलेलं. बन्सीधरला आनंद व्हायला हवा होता. त्याला फक्त इतकं कळलं की आपण खोटे फोटो खिशात घालून या दारासमोरून जात होतो तेव्हा इथे, दहा पावलांवर, खरी बातमी वाढत होती. कॅमेरा आणावा असं त्याच्या मनातही आलं नाही. त्याच्या फोटोवर आता कोण विश्वास ठेवणार होतं?

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्याने झाड मुळासकट बादलीत घेतलं, वर ओलं फडकं टाकलं. एसटीत कंडक्टरने कटकट केली, पाणी सांडून एका बाईचं लुगडं भिजलं, तिने त्याचा उद्धार केला. त्याने बादली दोन्ही पायांत घट्ट धरली.

पोखर्णीला त्याने बादली खाटेजवळ ठेवली आणि फडकं काढलं. दत्तराव आधी वळले नाहीत. मग बायनाबाई "अगं बाई" म्हणाली आणि ते वळले.

ते फार वेळ बघत राहिले. मग उजव्या हाताने एक पान धरलं. "हे कवा फुटलं?"

"ठाऊक न्हाई."

"अन् हे?"

"ठाऊक न्हाई, दत्तराव. मी बघितलंच न्हाई."

दत्तरावांनी एकेक पान धरून पाहिलं, जुनं कुठलं, नवं कुठलं. "मी ह्याच्यासंगं इरेस पडलो व्हतो," ते म्हणाले. "मनातल्या मनात. त्याला पान फुटलं की माझा हात हलनार. पहिल्या फोटूपासून. दर रविवारी बघायचो, पान न्हाई. मग म्हनलं, आपलं बी व्हनार न्हाई. सोडून दिलं." ते थांबले. "अन् हे तिकडं फुटतच व्हतं."

बन्सीधरला वाटलं, मासे मेले ते काहीच नव्हतं. माशांबद्दल माफी मागता येत होती.

"दोन म्हैने गेले माझे," दत्तराव म्हणाले. डॉक्टरांनी म्हणे आधीच सांगितलं होतं, जे काय यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच येतं. ते बायनाबाई हळूच बोलली, कुणाला उद्देशून नाही.

मग दत्तरावांनी मानेने आपल्या डाव्या हाताकडे खूण केली. तो पांघरुणावर पडला होता. "उचल," ते बन्सीधरला म्हणाले. "पानावर ठिव."

बन्सीधरने तो हात दोन्ही हातांनी उचलला. तो गार होता आणि त्याला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट जड होता. पानावर ठेवल्यावर दत्तरावांनी डोळे मिटले, दात-ओठ खाल्ले, कपाळावर शीर तटतटली. बन्सीधर त्या बोटांवरून नजर न काढता बसला. बोटं हलली नाहीत. दत्तरावांनी दम खाल्ला आणि म्हणाले, "धरून ठिव. सोडू नको." आणि पुन्हा सुरुवात केली.