तेलवात थोरल्याची

सीतारामरावांनी स्टूल भिंतीला टेकवले, वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून कमरेला खोवली आणि वर चढून मीटरच्या काचेला जवळजवळ नाकच लावले. काचेमागची चकती फिरत होती. सावकाश फिरत होती, पण थांबायचे काही नाव घेत नव्हती. भर दुपारची वेळ, घरात एकही दिवा लागलेला नाही.

"पाहा सांबशिव, तुम्हीच पाहा," ते तमिळमध्ये म्हणाले. "घरात काही चालू नाही, तरी हे आपले चाललेच आहे. तुमच्या कंपनीने माझ्या घरी मीटर बसवला आहे की चोर?"

सांबशिव वीज कंपनीचा तपासनीस होता. खांद्याला कातडी पिशवी लावून तो खाली उभा होता. असली वाक्ये ऐकण्याचाच पगार मिळत असावा, इतका तो शांत होता.

"सार, आधी खाली उतरा," तो म्हणाला. "पडलात तर डॉक्टरचे बिल वेगळे येईल."

स्वयंपाकघराच्या दारात वसुमतीबाई हसल्या. नवऱ्याने वळून पाहताच त्या लगबगीने आत गेल्या.

बिलाच्या रांगेत उभे राहणे सीतारामरावांना कमीपणाचे वाटे. कलेक्टर कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस लोकांच्या कोपराचे धक्के खात खिडकीपाशी कसा उभा राहणार? म्हणून त्यांनी सहकारी बँकेला एकदाच लिहून दिले होते की कंपनी ठरवील ती रक्कम दरमहा माझ्या खात्यातून परस्पर देत जावी. कंपनी अधूनमधून मीटर पाहून आकडा ठरवी, बँक तो भरी, आणि सीतारामराव चारचौघांत ऐटीने सांगत की विजेचे बिल काय रंगाचे असते ते आपल्याला ठाऊकसुद्धा नाही. या महिन्यात मात्र बँकेची चिठ्ठी आली. कंपनीने दरमहाची रक्कम एकदम दीडपट केली होती.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कारण या उन्हाळ्यात त्यांनी वीज वापरलीच कोठे होती? घरातला एकुलता एक टेबल फॅन कुंभकोणमला दुरुस्तीला गेला होता, आणि त्याचे काही सामान मद्रासहून यायचे आहे असे वसुमतीबाई आठवड्याआड सांगत होत्या. बाहेर अग्निनक्षत्राचे ऊन, आणि शिरस्तेदार पलंगावर उताणे पडून ताडाच्या पंख्याने वारा घेत होते. त्यात पलंगाशेजारच्या भिंतीत कोठेतरी एक भुंगा शिरला होता. दिवसभर त्याची गुणगुण चाले. सीतारामरावांनी दोनदा काठीने भिंत ठोकून पाहिली होती. भुंगा काही बधला नाही.

सांबशिवने घरातली सगळी बटणे पुन्हा पाहिली. मग मीटरखालच्या फळीवरच्या वायरींवरून बोट फिरवत तो एका जुन्या वायरीपाशी थांबला. ती भिंतीवरून सरळ पलंगाच्या खोलीत जात होती, आणि तेथल्या भिंतीत शिरत होती.

"ही कोठे जाते, सार?"

"ती देवाची," सीतारामराव म्हणाले. "तिचा याच्याशी काही संबंध नाही."

त्या भिंतीपलीकडे त्यांचा धाकटा भाऊ चिदंबर राहत होता. वडिलांनी, तुळजारामरावांनी, आपल्या हयातीतच घराच्या मधोमध भिंत घालून दोन मुलांत वाटणी करून दिली होती. भांडी वाटली, पापनाशमची शेती वाटली. देव कसे वाटणार? तेव्हा देव धाकट्याच्या घरात राहिले आणि त्यांची तेलवात थोरल्याने पुरवायची असे ठरले. देव एकाकडे आणि दिवा दुसऱ्याचा, म्हणजे दोघांची एकमेकांकडची वाट मोडणार नाही, असा म्हाताऱ्याचा बेत होता.

पुढे गल्लीत वीज आली. सीतारामरावांनी ती घेतली. चिदंबर म्हणाला, मला कंदील पुरे. तेव्हा थोरल्याने हौसेने भिंतीला भोक पाडून आपल्या मीटरवरून एक वायर पलीकडच्या देवघरात नेली आणि देवांच्या डोक्यावर एक लहानसा बल्ब लावून दिला. संध्याकाळी देवापुढे बसण्यापुरता तो लावायचा. तीही तेलवातच, असे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले.

आणि मग चिदंबरच्या मुलीचे, विजयलक्ष्मीचे लग्न निघाले. पत्रिका घरातल्या वडीलधाऱ्याच्या नावाने काढायची रीत. चिदंबरने ती स्वतःच्या नावाने छापली. घाईत झाले की मुद्दाम, ते सीतारामरावांनी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. पोरीला अंगाखांद्यावर खेळवलेला मोठा काका लग्नाच्या दिवशी घरात दार लावून बसला. तेव्हापासून दोघे भाऊ एका भिंतीला पाठ लावून राहत होते आणि रस्त्यात भेटले तर एकमेकांच्या चपलांकडे पाहत होते. तेल मात्र कधी थांबले नाही. दर महिन्याला तेलाचा डबा वसुमतीबाई परसदाराने पलीकडे, चिदंबरच्या बायकोच्या, शेषम्माच्या हाती पोचवीत. वडिलांचा शब्द होता तो. त्यावर राग काढायची सीतारामरावांची छाती नव्हती.

सांबशिवने हे सगळे डोके हलवत ऐकून घेतले.

"संध्याकाळचा एवढासा बल्ब इतकी वीज खात नाही, सार. आणि आता संध्याकाळही नाही. पलीकडे भर दिवसा दिवा चालू आहे. शिवाय आणखी काहीतरी आहे. फॅनसारखे."

"फॅन?"

"तसेच वाटते."

सीतारामरावांनी भिंतीकडे पाहिले. मग त्यांचा आवाज चढला.

"देवाच्या वायरीवर फॅन! मी येथे ताडपत्र हलवत पडलो आहे, आणि हा कंदीलवाला तेथे माझ्या पैशाने वारा खातो आहे! ऐकलेस काय गं?"

वसुमतीबाई दारात आल्या. त्यांच्या हातात ताकाचे भांडे होते आणि ते त्यांना कोठे ठेवावे ते सुचत नव्हते.

"नियमाने एका घरचा करंट दुसऱ्या घरी देता येत नाही," सांबशिव म्हणाला. "तुम्ही म्हणत असाल तर आत्ताच तोडून देतो. दोन मिनिटांचे काम. मग कंपनी रक्कम पूर्वीसारखी करील." त्याने पिशवीतून पक्कड काढली.

"तोडा," सीतारामराव म्हणाले.

"अहो, थोडे थांबा," वसुमतीबाई मराठीत म्हणाल्या. "तोडू नका ते."

"का नको? देवापुढे समई आहे की. तेल मी देतो आहे. बाबांनी तेलवात सांगितली होती, फॅन नव्हता सांगितला."

"नको म्हणते ना मी."

इतक्या वर्षांच्या संसारात बाईने असा सूर लावलेला त्यांना आठवत नव्हता. पण माणूस एकदा ताठला की त्याला मागे फिरणे जड जाते, आणि सीतारामराव तर बाहेरच्या माणसासमोर ताठले होते.

"आधी मेन बंद करा, सार," सांबशिव म्हणाला.

सीतारामरावांनी स्वतःच्या हाताने मेन स्विच खाली ओढला. खट्‌कन आवाज झाला. मीटरची चकती रेंगाळली आणि थांबली.

भुंगाही थांबला.

ते त्यांच्या लगेच ध्यानात आले नाही. घर एवढे सामसूम का झाले म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिले. मग त्यांची नजर आतल्या खोलीकडे, पलंगाशेजारच्या त्या भिंतीकडे गेली. आणि तेवढ्यात भिंतीतून आवाज आला.

"वैनी..."

कोणीतरी दम घेतला.

"वैनी, करंट गेला काय? फॅन थांबला."

चिदंबर भजनाला उभा राहिला की गल्लीच्या टोकाची माणसे जेवण आटपून यायची, असा त्याचा गळा. त्या गळ्याला आता दोन शब्दांच्या मध्ये विसावा लागत होता. सीतारामरावांचा हात स्विचवरच राहिला. त्यांनी बायकोकडे पाहिले. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. तिने ताकाचे भांडे अखेर जमिनीवर ठेवले होते.

"कधीपासून?" त्यांनी हळू विचारले.

"संक्रांतीपासून. छातीचे आहे. इस्पितळात ठेवले होते, मग डॉक्टर घरीच न्या म्हणाले."

"आणि तो देवघरात?"

"विजेच्या दिव्याची तेवढी एकच जागा आहे ना त्या घरात. खोली दिवसाही अंधारी, आणि अंधारात जीव घाबरतो म्हणतात, म्हणून शेषम्मा दिवा मालवतच नाही. उकाडा सुरू झाला तसा त्यांना श्वास घेववेना." त्या थांबल्या. "फॅन मी नेऊन दिला."

"कुंभकोणमला होता ना तो?"

"नव्हता."

सीतारामरावांना एरवी एवढ्यावर तासभर बोलता आले असते. आपण काठी घेऊन ज्या भुंग्यावर धावून गेलो होतो तो आपलाच फॅन होता, आणि काठीचे ठोके पलीकडे कोणाच्या उशाशी पोचत होते, हे त्यांना आता कळत होते. त्यांचा चेहरा लहान झाला.

"मला का नाही सांगितलेस?"

"भावजींनी शपथ घातली होती मला. आजार ऐकून आलेला अण्णा मला नको, म्हणाले. यायचे तर आपल्या मनाने येऊ दे."

सांबशिवला मराठी येत नव्हती. तो आपला जमिनीकडे पाहत उभा होता. पण पक्कड त्याने केव्हाच पिशवीत ठेवून दिली होती.

सीतारामरावांनी स्विच वर ढकलला. भिंतीपलीकडे आधी टकटक झाली, मग गुणगुण सुरू झाली. ती टकटक त्यांच्या ओळखीची होती. फॅनचे एक पाते सुरू होताना जाळीला घासत असे, आणि ते सरळ करायचे त्यांनी किती उन्हाळे नुसते मनात ठेवले होते.

"मग काय लिहू, सार?" सांबशिवने विचारले.

"मीटर बरोबर आहे, असे लिहा. रक्कमही बरोबर आहे. बँक देईल."

"आणि ही वायर? दुसऱ्या घराला—"

"दुसरे घर नाही ते. आमच्याच घराचे देवघर आहे. तसे लिहा."

"तसे लिहायला जागा नाही, सार, आमच्या कागदात," सांबशिव म्हणाला. मग त्याने कडेला काहीतरी बारीक अक्षरात लिहिले, वसुमतीबाईंनी पुढे केलेले ताक उभ्यानेच पिऊन टाकले आणि तो उन्हात निघून गेला.

सीतारामराव आतल्या खोलीत जाऊन भिंतीशी उभे राहिले. चुन्याच्या भिंतीवर काठीच्या टोकाचे दोन डाग होते. त्यांवरून त्यांनी तळवा फिरवला. बोलायचे म्हणजे काय बोलायचे? आजाराचे काढायचे नाही, म्हणजे उरले काय? जावयाची चौकशी करावी, तर लग्नाचा विषय निघणार. त्यांनी घसा खाकरला. वसुमतीबाई दाराआड श्वास धरून उभ्या होत्या.

"करंट आला काय रे?"

पलीकडून काहीच आले नाही. फॅन तेवढा गुणगुणत राहिला. सीतारामरावांना वाटले, आपण फार हळू बोललो. ते पुन्हा बोलणार, तोच आवाज आला.

"आला, अण्णा."

"कंपनीचा माणूस आला होता, मीटर पाहायला. म्हणून बंद केला होता."

"बरे."

सीतारामरावांनी पलंगावरचा ताडाचा पंखा उचलला आणि उगीचच परत ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते बायकोला दिसू नयेत म्हणून ते भिंतीला आणखी चिकटले.

"तो फॅन जरा बाजूला वळव," ते एकदम रागावल्यासारखे म्हणाले. "थेट छातीवर वारे घेऊ नये. लहानपणापासून सांगतो आहे तुला, ऐकशील तर शपथ."

पलीकडे हसल्यासारखे काहीतरी झाले आणि त्याचाच खोकला झाला. तो ओसरायला बराच वेळ लागला.

"हात पोचत नाही, अण्णा."

सीतारामराव भिंतीपासून दूर झाले. त्यांनी कमरेला खोवलेली वेष्टी खाली सोडून नीट केली, खुंटीवरचे अंगवस्त्र खांद्यावर घेतले.

"तेलाचा डबा दे," ते म्हणाले.

"या महिन्याचे तेल देऊन झाले," वसुमतीबाई म्हणाल्या.

"मग पुढच्या महिन्याचे दे."

वसुमतीबाईंनी डबा भरून आणला आणि सवयीने परसदाराची कडी काढायला गेल्या.

"तिकडून नको," सीतारामराव म्हणाले. डबा दोन्ही हातांत धरून ते पुढच्या दाराने रस्त्यावर उतरले.