सूप केव्हाच एकजीव झालं होतं

बोलायचं म्हणाल तर मी जन्मभर नुसता ओरडतच आलोय. माझं बटण दाबलं की घरातली माणसं बोलायची थांबतात, नाहीतर कपाळाला आठ्या घालून दुसऱ्या खोलीत निघून जातात. आज मात्र मला जरा हळू बोलायचंय. मी या घरातला जुना मिक्सर. एके काळी पांढराशुभ्र होतो, आता पिवळट पडलोय. माझ्या मोठ्या भांड्याचा कान तुटलाय आणि आवाजात एक बारीक शिट्टी आलीये. ती शिट्टी या घरातलं कुणीही झोपेतसुद्धा ओळखेल.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. कुणीतरी पोटात तांब्याच्या तारा गुंडाळल्या, कुणीतरी पाती बसवली, एकदा रिकामाच गरगर फिरवून पाहिलं आणि खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते या घरात, खालच्या मजल्यावरच्या मोठ्या स्वयंपाकघरात. घरात दोघे भाऊ. थोरल्याचं चष्म्यांचं दुकान, धाकटा शहरात बस चालवायचा. आणि दोघी जावा. त्यांनाही मी थोरली आणि धाकटीच म्हणतो.

धाकटी घरात आली तेव्हा अगदी कोवळी होती. माझा आवाज ऐकून ती दोन पावलं मागे सरली होती. थोरली हसली, तिचा हात धरून माझ्या झाकणावर ठेवला आणि म्हणाली, "चिमणे, झाकण घट्ट धरायचं, मग हा काही करत नाही." त्या दिवसापासून ती चिमणीच झाली. मी फिरायचो आणि त्या दोघी माझ्यावर आवाज चढवून गप्पा मारायच्या. थोरल्या भावाच्या घोरण्यापासून शेजारणीच्या केसांच्या रंगापर्यंत एकही विषय त्यांना वर्ज्य नव्हता.

मग एकदा धाकटी तापानं फणफणली. नेमका त्याच सकाळी तिच्या माहेरचा फोन आला, आईची तब्येत बिघडली आहे म्हणून. फोन थोरलीनं घेतला. एवढ्या तापात ही पोर एवढा लांबचा प्रवास करणार आणि वाटेतच कोसळणार, असं तिच्या मनात आलं. ताप उतरला की सांगू, असं तिनं ठरवलं. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. तोवर आई गेली होती.

धाकटी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त गप्प झाली, आणि काही दिवसांनी वरच्या मजल्यावर तिची वेगळी चूल मांडली गेली. भांडीकुंडी वाटताना माझं नाव निघालं, तेव्हा थोरली नवऱ्याला म्हणाली की तो तिलाच राहू दे, तिच्या हाताला त्याची सवय आहे. असा मी वर आलो. खाली आणि वर यांच्यामध्ये एक जिना होता, बस्स. पण पुढची कित्येक वर्षं त्या जिन्यावरून पुरुष चढले-उतरले, पाहुणे चढले-उतरले, त्या दोघी कधी नाही.

थोरलीचा घास अडकायला लागला, हे आम्हाला वर उशिराच कळलं. आधी पोळी जाईना, मग भात जाईना. तपासण्या झाल्या. अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथे गाठ निघाली. ऑपरेशन करायचं ठरलं, पण तिच्या अंगात तेवढी ताकद हवी होती. डॉक्टरांनी सांगितलं, तोवर चावावं लागेल असं काहीही द्यायचं नाही, सगळं पातळ, गुळगुळीत आणि पौष्टिक.

थोरला भाऊ चष्म्याची काच केसाएवढाही फरक न पडू देता घासायचा, पण त्याला भाजी काही शिजवता येईना. एका दुपारी तो वर आला आणि दारातच उभा राहून धाकटीला म्हणाला की मिक्सर थोडे दिवस खाली नेतो.

धाकटी ओटा पुसत होती. ती पुसतच राहिली. मग म्हणाली, "मिक्सर नाही मिळायचा, दादा. सूप मी करून देते. पण कुणी केलं ते सांगायचं नाही."

पहिल्या दिवशी आमची फजितीच झाली. गाजर, बटाटा आणि लाल भोपळा शिजवून तिनं तसंच वाफाळतं माझ्यात ओतलं आणि बटण दाबलं. वाफेनं झाकण उडालं आणि निम्मं सूप भिंतीवर गेलं. तिचं मनगट भाजलं. त्यानंतर ती शहाणी झाली. भाज्या साली काढून मऊ शिजवायच्या, परातीत पसरून निवू द्यायच्या, भांडं अर्धंच भरायचं, भाज्या शिजवलेलंच पाणी थोडं थोडं घालत फिरवायचं. मग बारीक गाळणीतून चमच्याच्या पाठीनं दाबून गाळायचं. गाळणीतून एखादा दोरा, टोमॅटोची एखादी बी निसटली की ती सगळं पुन्हा गाळायची. कधी ताकदीसाठी मऊ शिजवलेली डाळ, कधी लोण्याचा गोळा. पुन्हा कोमट करून, चव पाहून ती डबा दादांच्या हाती द्यायची.

खालून निरोप यायला लागले. दादा बिचारे मध्ये सापडले. एके दिवशी ते कान खाजवत म्हणाले की ती म्हणतेय, भोपळा फार गोड लागतो, चिमूटभर मिरपूड घालायला सांगा. कुणाला सांगू, असं त्यांनी विचारलं, तर म्हणाली, जो करतो त्याला.

धाकटीचा पारा चढला. एवढं करून वर नखरे, असं काहीबाही ती दादांची पाठ वळल्यावर पुटपुटली. पण मिरपूड घातली, आणि तीही ताजी कुटून. दुसऱ्या दिवशी डबा रिकामा, घासूनपुसून लखलखीत होऊन वर आला. दादांना तसा डबा घासता येत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

थोरलीला पहिल्या दिवसापासून कळलं असणार. माझी शिट्टी खाली ऐकू जातेच. तरी ती काही बोलली नाही, आणि हीही नाही. रोज डबा खाली जात होता, वर येत होता. कधी मीठ कमी, कधी पालक आवडला, असे निरोप येत होते. मी मनात म्हणायचो, चला, कुठून का होईना, बोलणं सुरू झालं. मीही जरा जोमानं फिरायचो.

मग ऑपरेशन जवळ आलं. उद्यापासून घट्ट काही नाही, फक्त गाळलेलं नितळ पाणी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे त्या दिवशीचं सूप शेवटचं. धाकटीनं त्यात हात आखडता घेतला नाही. मला फिरवलं, थांबवलं, चमच्यानं चव घेतली, बोटांवर चोळून पाहिलं. रेशमासारखं एकजीव झालं होतं. झाकण पुन्हा लावून ती भांडं उचलणार, एवढ्यात दारातून हाक आली.

"चिमणे."

थोरली जिना चढून आली होती. आधीच अंगात त्राण नव्हतं. तिचा श्वास मला ओट्यावर ऐकू येत होता. एक हात चौकटीवर होता.

धाकटी वळली नाही. तिनं झाकणावर तळहात ठेवला आणि बटण दाबलं.

मी फिरायला लागलो. माझ्यात दळण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दारातली बाई बोलत होती. स्वतःच्या आवाजात मला फारसं ऐकू येत नाही. "त्या दिवशी" एवढं मी ऐकलं, मग "तुझा ताप" असं काहीतरी. पुढचं सगळं माझ्या ओरडण्यात गेलं. धाकटीनं झाकण आणखी घट्ट दाबून धरलं. बोट बटणावरून हटलं नाही. मी तापलो, मला जळका वास यायला लागला, तेव्हा कुठे तिनं मला बंद केलं आणि ती वळली. दारात कुणी नव्हतं. जिन्यावरून उतरणारी पावलं ऐकू येत होती, एकेक पायरी थांबत थांबत.

ती धावत गेली असती तर मधल्या पायरीवरच गाठ पडली असती. ती धावली नाही. तिनं सूप गाळलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. बऱ्याच दिवसांनी डॉक्टरांनी पातळ सूप द्यायला परवानगी दिली. त्या सकाळी धाकटीनं गाजर नि दुधी शिजवून, दोनदा गाळून पाण्यासारखं सूप केलं, ठेवणीतली साडी नेसली आणि डबा घेऊन स्वतः हॉस्पिटलात गेली. जाताना तिचे ओठ हलत होते. काय बोलायचं त्याची उजळणी चालली असावी.

संध्याकाळी परतली ती थेट स्वयंपाकघरात येऊन बसली. नवऱ्यानं विचारलं, तसं तिनं सांगितलं. थोरलीची मुलगी परगावाहून आली होती, तिनं आईला उशीला टेकवून बसवलं. थोरलीनं चमचा चमचा करून सूप घेतलं, ओठ पुसले, आणि मग म्हणाली, "तुम्ही उगाच एवढे कष्ट घेतलेत. फार बरं वाटलं."

"मग झालं की," नवरा म्हणाला. "इतक्या वर्षांनी बोलली. आणि गोड बोलली."

धाकटीनं रिकामा डबा पिशवीतून काढून ओट्यावर ठेवला.

"अहो, ती मला 'तुम्ही' म्हणाली."

त्याला काही उमगलं नाही. तो हातपाय धुवायला गेला.

थोरली बरी झाली, पण तिला हवापालट हवा म्हणून मुलगी तिला आपल्याकडे घेऊन गेली. दादाही दुकान भाड्यानं देऊन मागोमाग गेले. खालच्या मजल्याला कुलूप आहे. अधूनमधून फोन होतो. तिकडून तब्येत विचारली जाते, इकडून जेवण जातं का ते विचारलं जातं. दोन्हीकडून "तुम्ही". 'त्या दिवशी दारात काय म्हणत होतात,' हे विचारायला धाकटी तोंड उघडते आणि मग हवापाण्यावर बोलून फोन ठेवते. मलाही सांगता येत नाही. सांगण्याजोगं माझ्याकडे आहे तरी काय? दोन शब्द, तेही अर्धवट.

आता माझा फार उपयोग उरलेला नाही. त्या दिवशी तापलो तेव्हापासून माझी मोटर लवकर दमते. नवीन मिक्सर आणू, असं नवरा म्हणतो, ती नको म्हणते. ती मला थोडं फिरवते, मध्येच थांबवते आणि मान वळवून दाराकडे बघते. मग पुन्हा बटण दाबते.

एक दिवस मी कायमचा बंद पडेन, त्याचं मला दुःख नाही. पण तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी असेलच. त्याच्या आवाजाआड उभं राहणं फार सोपं असतं हो. दारात कुणी दम खात उभं असेल, तर आमच्यावरचं बोट तेवढं उचला. आम्हाला थांबवायला काही लागत नाही. आणि धाकटीला कुणी भेटलात, तर तिला एवढंच सांगा, फोन अजून लागतो आहे.