काकासाहेबांनी धरलेला जंतू

परतूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारपेठेत, काकासाहेबांनी रक्त तपासायची लॅब उघडली, तेव्हा हैदराबादहून सूक्ष्मदर्शक आणलं आणि त्यावर बसणारा कॅमेराही. रोग्यांपेक्षा त्यांचा जीव कॅमेऱ्यावर जास्त. सगळ्यात मोठ्या भिंगाला तेल लागतं. काचपट्टीवर थेंब सोडायचा, भिंग त्यात टेकवायचं आणि काम झालं की पुसून घ्यायचं. पुसणं काकासाहेबांना हलकं वाटायचं. तेल वाळलं, फोटो अंधूक यायला लागले. मग त्यांनी डोळा लावायचं भिंग उघडलं, तेलकट हातांनीच गमछा आत खुपसून फिरवला आणि पुन्हा बसवून टाकलं.

शहात्तरच्या पावसाळ्यात भीमनगरात तापाची साथ आली. काकासाहेबांनी तिथल्या लोकांचं रक्त घेतलं, फोटो काढले आणि प्रत्येकात त्यांना एक लांब, वाकडा जंतू सापडला. हत्तीरोग, त्यांनी जाहीर केलं. खाली ‘भीमनगर’ लिहून फोटो दाराच्या काचेवर चिकटवले. फोटो लावण्याआधी रोग्याला विचारायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. बाजारच्या दिवशी हॉटेलवाल्यानं भीमनगरच्या माणसांना चहा नाकारला. तिथल्याच मालनबाई भाजी विकायच्या, त्यांची भाजी कुणी हातात घेईना.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या उषाबाई भीमनगरच्याच. औरंगाबादला कॉलेजात असताना त्यांनी असलं यंत्र वापरलं होतं. काचेसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. रक्तातल्या पेशी सगळ्या फोटोंत पुसट होत्या, जंतू तेवढा लख्ख. आणि माणूस बदलला तरी तो त्याच कोपऱ्यात, तसाच वाकलेला.

मालनबाईंना घेऊन त्या आत गेल्या. मागोमाग बाजारातली माणसंही शिरली. काकासाहेबांनी स्वतःचं रक्त बघावं, एवढंच उषाबाईंनी मागितलं.

“आमच्या घरात असले रोग न्हाईत, बाई.”

“मंग बघायला काय हरकत हाय?”

माणसांसमोर त्यांना नाही म्हणता येईना. बोट टोचलं, काचपट्टी केली, डोळा लावला. जंतू होता. काकासाहेबांचं तोंड उतरलं. आपल्याला हत्तीरोग झाला असंच त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी पहिल्यांदा स्वतःचा पाय चाचपला. उषाबाईंनी मग कोरी काचपट्टी ठेवायला लावली. रक्ताचा ठिपका नसलेल्या काचेवरही जंतू तसाच. त्यांनी वरचं, डोळा लावायचं भिंग जरासं फिरवलं, तसा तोही फिरला. भिंग उघडून चिमट्यानं त्यांनी तेलात चिकटलेला गमछ्याचा धागा बाहेर काढला.

“मशीनच खराब दिली कंपनीनं,” काकासाहेब म्हणाले.

भीमनगरात हत्तीरोग नाही असं दारावर लिहा, असं उषाबाईंनी सांगितलं. त्यानं लॅबची बदनामी होईल, म्हणून काकासाहेबांनी लिहिलं नाही. फोटो तेवढे गुपचूप काढले. हॉटेलवाला परत चहा देऊ लागला, तोही उपकार केल्यासारखा. मालनबाईंनी त्याच्याकडचा चहा कायमचा सोडला, आणि भाजी तोलताना येईल त्या गिऱ्हाइकाला धाग्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. लोक हसायचे. लॅबकडे मात्र कुणी फिरकेना. दिवाळीनंतर काकासाहेबांनी तिथंच खताचं दुकान टाकलं. लॅबचा पांढरा कोट काही त्यांनी उतरवला नाही.