मधल्या चौकटीतले शब्द

मित्रांनो, माझ्या जातीत तिसऱ्या वर्षीच म्हातारपण येतं आणि मी तर सहावं ओलांडलं आहे. म्हणजे मी एक जुना, चांगलाच जुना मोबाईल आहे. माझ्या काचेचा एक कोपरा फुटला आहे, पाठ जराशी फुगली आहे आणि कॅमेरा एकच आहे. माझ्या हल्लीच्या भावंडांना पाठीवर तीन-तीन, चार-चार डोळे असतात. त्या सगळ्या डोळ्यांनी माणसं ताटातल्या जेवणाचे फोटो काढतात. कोणी घडी घालता येणारा निघाला आहे, कोणाच्या खोक्यात चार्जरच नसतो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. आमच्या बाजारात तेवढेही धड मिळत नाहीत. असो. म्हाताऱ्यांनी तरुणांना नावं ठेवायची हे जगभर चालतंच. मला सांगायचं आहे ते वेगळं आहे.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. मला कोणी जोडलं ते ठाऊक नाही, हातमोज्यांतले हात तेवढे आठवतात. मग दुकानाचं काचेचं कपाट, आणि तिथून मी एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या खिशात आलो. त्यांना मी मालक म्हणतो. त्यांच्या अंगठ्यावर कायम ग्रीस असायचं, त्यामुळे माझ्या बोटओळखीला ते कधी ओळखूच यायचे नाहीत. घरमालकालाच दारात अडवणारा पहारेकरी, असं ते मला हसून म्हणायचे. एकदा मी लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात पडलो आणि कोपरा फुटला. दुसरा कोणी असता तर त्याच दिवशी नवा घेऊन आला असता. मालकांनी मला सदऱ्याला पुसलं, वर चिकटपट्टी लावली आणि कामाला लागले.

मित्रांनो, माझ्यावर कोणी लिहू लागलं की कीबोर्डच्या वर तीन चौकटी उमटतात. पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज मी तिथे मांडतो. सगळ्यांत पक्का अंदाज मधल्या चौकटीत. मालक दिवसभर एकच लिहायचे. कुठे ना कुठे कोणीतरी लिफ्टमध्ये अडकलेलं असायचं, त्याला ते पाठवायचे: घाबरू नका, निघालो आहे, पाच मिनिटांत पोहोचतो. त्यांची पाच मिनिटं तासाच्या खाली क्वचितच यायची, तो भाग वेगळा. घरी बायकोला, म्हणजे आमच्या बाईंनाही, तेच पाठवायचे, फक्त 'घाबरू नका' सोडून. हे शब्द माझ्या अंगात इतके मुरले की 'घ' उमटला रे उमटला, की मी आख्खी ओळ हजर करायचो.

एका संध्याकाळी त्यांनी बाईंना लिहिलं, निघालो आहे, पाच मिनिटांत पोहोचतो. मला खिशात ठेवलं, आणि कामाच्या इमारतीचा जिना उतरताना त्यांचं हृदय थांबलं. मी त्या खिशातच होतो. बाईंनी ताट वाढून ठेवलं होतं.

काही महिन्यांनी बाईंचा स्वतःचा फोन बिघडला. दूरच्या शहरात नोकरी करणारी लेक म्हणाली, बाबांचा आहे की, तोच वापर. म्हणून बाईंनी मला कपाटातून काढलं, चार्जिंगला लावलं आणि दुकानदाराला सामान घरी पाठवायला सांगायला बसल्या. 'घरी' लिहायचं होतं. 'घ' लिहिला आणि मधल्या चौकटीत शब्द आला, घाबरू. त्या थबकल्या. मग त्यावर बोट ठेवलं. नका. पुन्हा बोट. निघालो. आहे. पाच. मिनिटांत. पोहोचतो.

मग बाई उठल्या आणि दाराची कडी काढून आल्या.

मित्रांनो, मी मालक नव्हतो. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो, एवढंच मला कळतं. पण बाई रोज दुपारी समोर बसायच्या, मधली चौकट दाबत जायच्या, आणि मलाच भीती वाटू लागली. ती ओळ संपली की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचो. निघालो आहे. पोहोचतो. निघालो आहे. कडी रोज उघडी राहू लागली. ताटं दोन मांडली जाऊ लागली. शेजारीण दोनदा टोकून गेली की असं सताड उघडं दार बरं नव्हे, तेव्हा बाई नुसत्या हसल्या.

त्यात त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. आपण स्वतःचं काही लिहिलं की ह्यांचे शब्द मधून बाजूला सरकतात. तेव्हापासून त्यांनी लिहिणंच सोडलं. लेक विचारायची, कशी आहेस? बाई अंगठा पाठवायच्या. जेवलीस? अंगठा. लेकीला वाटायचं, आई मजेत आहे, अंगठेबिंगठे पाठवायला शिकली. आम्ही फोन माणसांना जवळ आणतो म्हणतात. त्या दोघींच्या मध्ये मी पिवळ्या अंगठ्यांची भिंत बांधत होतो.

एके दुपारी बाईंनी ती ओळ दाबली आणि थेट निघाल्याच. फाटकाशी जाऊन थांबावं असं त्यांच्या मनाने घेतलं असावं. बाई राहायच्या त्या इमारतीची लिफ्ट मालक हयात होते तोवर तेच बघायचे, फुकटात. ते गेले आणि तिच्याकडे ढुंकूनही कोणी पाहिलं नाही. बाईंना घेऊन खाली येताना दोन मजल्यांच्या मध्ये ती हिसका देऊन थांबली. दिवा गेला. घंटा वाजेना. बाईंनी दार बडवलं, हाका मारल्या. दुपारच्या वेळी जिन्यात चिटपाखरू नव्हतं.

त्यांनी लेकीला फोन लावून पाहिला, लागेना. त्या काळोखात माझ्या काचेचा तेवढा उजेड होता. बाई खाली बसल्या आणि त्यांनी 'घ' दाबला. घाबरू नका, निघालो आहे, पाच मिनिटांत पोहोचतो. एकदा झालं, पुन्हा झालं, पुन्हा. माझी बॅटरी उतरत चालली होती. दुसरा कुठलाही शब्द पुढे करावा म्हणून मी तडफडत होतो, पण जे शिकवलं नाही ते मी कुठून आणू?

मग बाई मोठ्याने म्हणाल्या, "हे काही यायचे नाहीत."

त्यांनी ती ओळ पुसली. आणि माझ्या चौकटींकडे न बघता, एकेक अक्षर शोधत, लेकीला लिहिलं: मी अडकले आहे. ये.

निरोप बराच वेळ गोल गोल फिरत राहिला. गेला, आणि मी विझलो.

पुढचं मी अंधारातच ऐकलं, कारण विझल्यावरही आम्हाला ऐकू येतं असं मला त्या दिवशी कळलं. लेकीने तिथून मालकांच्या कामावरच्या जुन्या जोडीदाराला फोन केला होता. वरून पावलं वाजली आणि आवाज आला, "वहिनी, घाबरू नका, पोहोचलोय मी."

माझ्याभोवतीची बाईंची मूठ घट्ट झाली. दार फाकवून जोडीदाराने हात दिला तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्हीपण हेच म्हणता?"

"त्यांनीच शिकवलं, वहिनी. अडकलेल्या माणसाला आधी आवाज द्यायचा, पाना नंतर काढायचा."

बाई तिथेच पायरीवर बसून रडल्या. मालक गेल्यापासून त्या पहिल्यांदाच रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी लेक आली. येताना आईसाठी नवा कोरा फोन घेऊन आली, चार डोळ्यांचा. दुकानात जुना परत दिला की नव्याची किंमत कमी होणार होती, फक्त तो आधी कोरा करून द्यायचा. तिने मालकांचे फोटो नव्यात घेतले, नंबर घेतले. माझ्या अंगात मुरलेली ओळ काही नव्यात जात नव्हती, आणि ती आहे हे तिला ठाऊकही नव्हतं. मला पुसायच्या आधी तिने सहज कीबोर्ड उघडला. शेवटचं शिकलेलं मी पुढे केलं. मी. अडकले. आहे. ये.

ती वाचत राहिली. मग म्हणाली, "आई, हे लिफ्टचंच होतं ना गं?"

बाई दाराला कडी घालत होत्या. वळून म्हणाल्या, "लिफ्ट तर कालच बंद पडली बाळा, मी कधीची अडकलेय."

लेकीने मला पुसलं नाही. त्या रात्री दोघी किती बोलल्या! मालकांवर बोलल्या, त्यांच्या पाच मिनिटांवर पोट धरून हसल्या, आणि त्या रोजच्या दुपारीही बाईंनी सांगून टाकल्या.

नवा फोन बाईंकडे राहिला, आता मी लेकीकडे असतो. ती मला तिच्या स्वतःच्या फोनशेजारी ठेवते आणि आईला लिहिते ते माझ्यावरूनच, अक्षर अक्षर जुळवून. माझ्या मधल्या चौकटीत आता 'आई' येतं. मित्रांनो, आम्हाला जपा, फुटलो म्हणून लगेच फेकू नका. पण आमच्या चौकटीत आयता मिळणारा शब्द आपल्या माणसाला पाठवू नका, आणि त्याच्या अंगठ्यावर समाधान मानू नका. त्याला आधी आवाज द्या.

कधी कधी लेकीचं बोट चुकून 'घ'वर पडतं. तळाला गेलेली ती ओळ मग हळूच वर येते: घाबरू नका, निघालो आहे. लेक क्षणभर दाराकडे बघते. मग मला खाली ठेवते आणि आईला फोन लावते.